शहर दाखवायला परवाना कशाला?

ज्याच्या गळ्यात सरकारी ओळखपत्र नाही त्याने परगावच्या माणसांना शहर दाखवू नये, दाखवलं तर त्याला दंड करावा, अशी मागणी पुण्यात हल्ली पुन्हा पुन्हा ऐकू येते. मागणी करणाऱ्यांत पर्यटनाच्या धंद्यातली माणसं आहेत, इतिहासाचे अभ्यासक आहेत आणि पेठांत राहणारे काही रहिवासीही आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : कुणीही उठतो, समाजमाध्यमावर जाहिरात टाकतो, रविवारी सकाळी पंधरा-वीस माणसं गोळा करतो आणि त्यांना शनिवारवाड्यापासून तुळशीबागेपर्यंत फिरवून आणतो. तो सांगतो तो इतिहास खोटा असतो. परीक्षा देऊन गाइड झालेल्यांच्या पोटावर त्याच्यामुळे पाय येतो. आणि जगातल्या कुठल्याही सुधारलेल्या देशात असा मोकाट कारभार चालत नाही.

या मागणीमागचा राग मला समजतो. त्यातला एक भाग मला मान्यही आहे, तो पुढे येईल. पण तिचा निष्कर्ष पुरता चुकीचा आहे. पेठांविषयीचं जे ज्ञान आज फक्त तिथे राहणाऱ्यांच्या डोक्यात शिल्लक आहे, ते बाहेर यायची उरलीसुरली वाटही या बंदीने बुजेल.

आधी कायद्याचं पाहू, कारण ‘हे बेकायदेशीरच आहे’ असं ठासून सांगितलं जातं. प्राचीन स्मारकांविषयीचे १९५९ चे केंद्रीय नियम आहेत. त्यातल्या आठव्या नियमात संरक्षित स्मारकाच्या आत काय करू नये याची यादी दिली आहे. नासधूस करू नये, माल विकू नये, भीक मागू नये. आणि याच यादीत, पुरातत्त्व अधिकाऱ्याच्या परवान्यावाचून पैसे घेऊन कुणाला स्मारक दाखवत फिरू नये, असंही आहे. यातल्या दोन अटी नीट वाचाव्यात. स्मारकाच्या आत, आणि पैसे घेऊन. शनिवारवाडा, पाताळेश्वर, आगाखान पॅलेस यांच्या फाटकाच्या आत हा नियम लागू आहे, आणि तो तिथे असावा. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की हा नियम संपतो. कसब्यातला बोळ, मंडईसमोरचा चौक, सोमवार पेठेतल्या घरांची रांग ही संरक्षित स्मारकं नाहीत. ती माणसांच्या राहण्याची जागा आहे, आणि आपण राहतो त्या जागेविषयी दुसऱ्याशी बोलायला राज्यघटनेने कुणाला परवानगी मागायला लावलेलं नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालय ‘इन्क्रेडिबल इंडिया टुरिस्ट फॅसिलिटेटर’ नावाचा ऑनलाइन अभ्यासक्रम चालवतं. ज्याला जमेल त्याने तो जरूर करावा. पण तो न केलेल्या माणसाने आपल्या आळीविषयी पाहुण्याशी बोलू नये, असं त्यातून निघत नाही.

खोट्या इतिहासाचा आरोप मात्र गंभीर आहे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर उभं राहून थोडा वेळ ऐकावं. अमावास्येच्या रात्री ‘काका, मला वाचवा’ असा आवाज येतो. आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ केला. वाड्यातून पर्वतीपर्यंत भुयार आहे, आणि काहींच्या तोंडी ते सिंहगडापर्यंत जातं. हे सगळं छातीठोकपणे सांगितलं जातं आणि ऐकणारे ते मोबाइलमध्ये साठवून घेऊन जातात. मला याचा मनापासून संताप येतो. ३० ऑगस्ट १७७३ ला अठरा वर्षांच्या एका पेशव्याला त्याच्याच वाड्यात, त्याच्याच पदरच्या गारद्यांनी कापून काढलं. एवढं भयंकर सत्य समोर असताना भुताचे आवाज सांगत बसणं ही त्या मुलाच्या मरणाची विटंबना आहे. जिच्यात एक अक्षर बदललं असं म्हणतात ती चिठ्ठी आज कुणाला दाखवता येत नाही. तरी सगळा दोष एका बाईच्या माथी मारून आपण दोनशे-अडीचशे वर्षं मोकळे झालो आहोत.

पण या दंतकथा आल्या कुठून? नाटकांतून आल्या, कादंबऱ्यांतून आल्या, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आणि शाळेच्या सहलींतून आल्या. त्या ओळखपत्र असलेले गाइडही सांगतात आणि नसलेलेही सांगतात. ओळखपत्राने सांगणाऱ्याचं नाव-गाव कळतं, त्याच्या तोंडून निघणाऱ्या प्रत्येक वाक्याची हमी मिळत नाही. बंदी घातल्याने शनिवारवाड्याचं भूत जाणार नाही. ते जाईल ते शेजारी उभ्या असलेल्या जाणत्या माणसाने ‘अहो, असं नाही ते’ म्हटल्याने. आणि असा जाणता माणूस बहुतेक वेळा तिथलाच कुणीतरी असतो.

लाल महालाचंच घ्या. सहलीला आलेली मुलं त्या इमारतीकडे बोट दाखवून एकमेकांना सांगतात की महाराजांनी शाहिस्तेखानाची बोटं इथेच छाटली. प्रसंग खरा आहे, १६६३ च्या एप्रिलमधला आहे. पण मुलं पाहतात ती इमारत पुणे महापालिकेने १९८० च्या दशकात बांधली. शहाजीराजांनी उभारलेल्या मूळ महालाचं तिथे आज काही उभं नाही. कसब्यातल्या साठी ओलांडलेल्या माणसाला हे पुस्तकात पाहावं लागत नाही, कारण ती इमारत उभी राहताना त्याने पाहिली आहे. तो पाहुण्यांना सांगेल, ‘ही नवी आहे, मी तरुण होतो तेव्हा इथे काम चालू होतं.’ एका वाक्यात एक मोठा गैरसमज गेला. हा साक्षीदार आहे. त्याला गप्प बसवून इतिहासाचं शुद्धीकरण कसं होणार, ते मागणी करणाऱ्यांनी सांगावं.

भुयाराची गोष्ट तर याहून बोलकी आहे. पुण्याखाली पोकळी आहे हे अगदी खरं आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजला बांध घालून तिथलं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. चुन्याच्या पक्क्या बांधणीचा हा नळ काही ठिकाणी माणूस आतून चालत जाईल एवढा मोठा आहे. कात्रज ते शनिवारवाडा हे ८-१० किलोमीटर अंतर पाणी नुसत्या उतारावर यायचं. वाटेत जागोजागी उच्छ्वास होते, गाळ बसायला जागा होत्या आणि पेठापेठांत हौद होते. फडके हौद हा आज पुण्यात चौकाचा पत्ता आहे, पण तिथे खरोखरच हौद होता आणि लोक त्यातून पाणी नेत. स्वारगेटला मेट्रोचं खोदकाम चालू असताना २०१९ मध्ये जमिनीखालचा जुना पाण्याचा बोगदा उघडा पडला, तेव्हा ‘भुयार सापडलं’ अशी आवई शहरभर उठली. पळून जाण्याची भुयारं म्हणून आपण ज्याच्या गोष्टी रंगवतो ती बहुतेक या पाण्याच्या नळाची सावली आहे. ज्यांच्या वाड्याच्या आडाला किंवा हौदाला कात्रजचं पाणी यायचं त्या घरातला माणूस हे सहज समजावून सांगतो, कारण ‘आमच्याकडे कात्रजचं पाणी होतं’ हे त्याच्या घरात आजीच्या तोंडी असलेलं वाक्य आहे. पाण्याचं तोंड कुठे होतं, वाडा पाडून इमारत झाली तेव्हा ते कसं बुजवलं, उन्हाळ्यातही पाणी कसं गार लागायचं, हे त्याच्याशिवाय कोण सांगणार? पेशवाईतल्या पाणीपुरवठ्यावर चांगलं लेखन झालं आहे, अभ्यासकांनी नकाशे केले आहेत, आणि त्यांच्या कष्टाबद्दल मला आदर आहे. पण नकाशावरची रेघ कुठल्या स्वयंपाकघराखालून जाते हे त्या घराला विचारावं लागतं.

मागणी करणाऱ्यांची मूळ चूक मला इथे दिसते. शहर म्हणजे स्मारकांची यादी, असं ते धरून चालतात. यादीतल्या प्रत्येक वास्तूला सनावळी आहे, सनावळीची परीक्षा घेता येते, परीक्षा झाली की परवाना देता येतो. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० ची, आग १८२८ ची, विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा. हे पाठ करता येतं आणि करावंही. पण तांबट आळीत काय पाठ करणार? कसब्यातली ही आळी त्वष्टा कासारांची. पेशवाईत कोकणातून आलेल्या या कारागिरांच्या घरांतून तांब्याच्या भांड्यावर ठोके मारून मठारकाम करण्याचा आवाज दिवसभर यायचा. आज तो आवाज थोड्या घरांतून येतो. बंब कुणी घेत नाही, हंडे-कळशा कुणी घेत नाही, म्हणून काही घरांनी शोभेची आणि जेवणाच्या टेबलावरची भांडी करायला घेतली, काहींच्या मुलांनी नोकऱ्या धरल्या. ठोक्याच्या आवाजावरून पत्रा जाड आहे की पातळ हे ओळखणारी बाई त्या आळीत असेल तर तिने पाहुण्याला ते दाखवू नये, कारण तिच्याकडे ओळखपत्र नाही? आणि ज्याच्याकडे ओळखपत्र आहे पण ज्याने हातोडी कधी हातात धरलेली नाही, त्याने सांगावं?

यादीत न बसणारं आणखी एक उदाहरण पुराचं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. नदीकाठचे वाडे चिखलात बसले. शहराचा चेहरा त्या दिवसाने बदलला. पुण्याच्या कित्येक वसाहती पूरग्रस्तांसाठी म्हणून उभ्या राहिल्या. या पुराचं स्मारक म्हणजे काय? कुठल्याशा भिंतीवर पाणी चढलं होतं तिथली खूण, जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत ते आलं होतं याची आठवण, आणि वाहून गेलेल्या संसाराची घराघरात सांगितली जाणारी यादी. तो दिवस कळत्या वयात पाहिलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या नातवंडांनी आजी-आजोबांकडून ऐकलेलं पाहुण्यांना नारायण पेठेत उभं राहून सांगितलं तर तो गुन्हा ठरावा, अशी ही मागणी आहे.

आणि भिडेवाडा. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली ती बुधवार पेठेतली ही वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये पाडली गेली. राष्ट्रीय स्मारक व्हावं म्हणून पाडली, वर्षानुवर्षांच्या खटल्यानंतर पाडली, हे खरं. तरी ज्या भिंतींत ती शाळा भरली त्या भिंती आता नाहीत. नवं स्मारक उभं राहील तेव्हा त्यात तसबिरी असतील, माहितीचे फलक असतील. पण वाडा मोडकळीला आला होता तेव्हा तळाशी कसली दुकानं होती, लाकडी कठडे कसे झुकले होते, दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाला आलेली हजारो माणसं समोर रांगेत उभी असायची आणि त्यातल्या कितीजणांना आपल्या पाठीमागे काय आहे हे ठाऊक नव्हतं, ही लाजिरवाणी गोष्ट त्या रस्त्यावरून रोज गेलेला माणूसच सांगू शकतो. तीही पुण्याच्या इतिहासाचाच भाग आहे. वास्तू गेली की ती पाहिलेला माणूस हाच पुरावा उरतो. पुण्यातले वाडे ज्या वेगाने पडत आहेत तो पाहता अशा पुराव्यांची गरज वाढतच जाणार आहे.

‘जगात सगळीकडे परवाना लागतो’ हे विधानही तपासून घ्यायला हवं. युरोपीय न्यायालयाने २६ फेब्रुवारी १९९१ ला फ्रान्स, इटली आणि ग्रीस यांच्याविरुद्धच्या खटल्यांत निकाल दिला. दुसऱ्या सदस्य देशातून गटाबरोबर आलेल्या गाइडवर स्थानिक परवान्याची सक्ती करता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. अपवाद फक्त संग्रहालयांचा आणि खास गाइडबरोबरच पाहता येतात अशा ऐतिहासिक स्मारकांचा. तो खटला बाहेरून येणाऱ्या गाइडांचा होता, पण न्यायालयाने रेघ कुठे ओढली ते महत्त्वाचं आहे. ती स्मारकाच्या दारात ओढली, थेट आपल्या १९५९ च्या नियमासारखी. अमेरिकेत वॉशिंग्टन शहराने पैसे घेऊन शहर दाखवणाऱ्यांना शंभर प्रश्नांची परीक्षा सक्तीची केली होती. ती न देता बोलणाऱ्याला दंड किंवा कैदही होऊ शकत होती. २०१४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ही सक्ती भाषणस्वातंत्र्याच्या विरोधात म्हणून रद्द केली. परीक्षेमुळे पाहुण्यांचं नेमकं कुठलं नुकसान टळतं हे शहराला दाखवता आलं नाही. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्समधली परवाना पद्धत दुसऱ्या अपील न्यायालयाने कायम ठेवली, हेही सांगायला हवं. पुढे २०२० मध्ये चार्ल्सटनची सक्ती मात्र गेली. म्हणजे सुधारलेल्या जगात हा वाद चालू आहे. तो मिटल्याचं सांगणारे आपल्याला अर्धीच गोष्ट सांगतात.

शिवाय बाहेर एवढं कशाला पाहायचं? मराठी मुलखात परक्याला वाट आणि गाव दाखवण्याची रीत फार जुनी आहे. तीर्थक्षेत्री उपाध्ये यात्रेकरूला उतरायला जागा देत, देवस्थानं दाखवत आणि त्याच्या घराण्याची नोंद वहीत ठेवत. त्या रीतीत लूटही होती, अडवणूकही होती, तिची भलामण मी करणार नाही. पण महानुभावांची ‘स्थानपोथी’ पाहावी. मुनिव्यासांच्या नावे असलेल्या या ग्रंथात चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, त्या गावांतल्या जागा नोंदल्या आहेत. कुठलं देऊळ कुठल्या दिशेला, त्याच्यापासून पुढची जागा कुणीकडे, हे सारं त्यात आहे. चौदाव्या शतकात मराठीत गावोगावच्या जागांची अशी बारकाईने नोंद झाली ती जागेवर पाय ठेवून आणि तिथल्या माणसांना विचारून होण्यासारखी आहे. आणि सह्याद्रीतला वाटाड्या? हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने कोकणकड्याकडे चढणारा गट पायथ्याच्या गावातला माणूस बरोबर घेतो. एप्रिलमध्ये कुठल्या टाक्यात पाणी असतं, पावसाळ्यात कुठला टप्पा टाळायचा, ढग उतरले तर कुठे थांबायचं हे त्याला ठाऊक असतं. त्याला लेखी परीक्षेला बसवलं तर तो नापास होईल, आणि परीक्षेत पहिला आलेला त्या रानात वाट चुकेल. डोंगरात आपण हे निमूट मान्य करतो, वाटाड्याच्या हातावर पैसे ठेवतो, त्याच्या घरी जेवतो. तीच माणसाची किंमत शहरात मात्र मान्य करत नाही.

पोटावर पाय येण्याचा मुद्दा. परवानाधारक गाइडांचं काम मी हलकं लेखत नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात भिंतीवरची जातककथा उलगडून दाखवायला वर्षांचा अभ्यास लागतो. वेरूळ, घारापुरी इथेही तसंच. त्यांची फी त्यांना पूर्ण मिळाली पाहिजे, आणि स्मारकाच्या आत घुसून त्यांचं काम चोरणाऱ्याला हाकलून दिलं पाहिजे. पण सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती पाहायला किती गाइड पाहुण्यांना घेऊन जातात? १७५४ मध्ये बांधायला घेतलेलं आणि १७७० मध्ये पूर्ण झालेलं हे देऊळ दगडी आहे, गाभाऱ्याच्या भिंतीवर संस्कृत आणि फारसी शिलालेख आहेत, दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळदंडांनी बांधणारे गोरे शिपाई कोरले आहेत. असं शिल्प दुसरीकडे सहज दिसणार नाही. एका दिवसात शनिवारवाडा, आगाखान पॅलेस आणि सिंहगड उरकणाऱ्या गाडीला त्या अरुंद रस्त्यात वळायला वेळ नसतो. तिथे जो पाहुण्यांना घेऊन जातो तो कुणाचं गिऱ्हाईक पळवत नाही. जे काम कुणी करतच नव्हतं ते तो करतो.

खरा शत्रू दुसरा आहे आणि त्याचं नाव दलाल. पाहुण्याला स्वस्तात फिरवून ठरलेल्या दुकानात नेऊन बसवायचं आणि मागच्या दाराने कमिशन घ्यायचं, हा धंदा प्रत्येक मोठ्या पर्यटनस्थळी चालतो. त्याच्यावर कारवाई करा, कठोर करा. फसवणुकीविरुद्ध कायदे आहेत, ते वापरा. पण कमिशन घेणाऱ्यांत ओळखपत्र असलेलेही असतात, तेव्हा निकष ओळखपत्राचा न ठेवता कमिशनचा ठेवावा. ज्याची मिळकत पाहुण्याच्या हातून उघडपणे येते तो मार्गदर्शक. ज्याची दुकानदाराकडून लपून येते तो दलाल, मग त्याच्या गळ्यात काहीही असो.

काही भले लोक वेगळीच तक्रार करतात. पाहुण्याला गाव दाखवण्याचे पैसे कसले घ्यायचे, ही तर आपली रीत, असं त्यांना वाटतं. न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून रहिवासी पाहुण्यांना आपला भाग विनामूल्य दाखवतात, ती कल्पना पुढे अनेक देशांत गेली, याचाही दाखला दिला जातो. ती माणसं चांगलं काम करतात. पण सगळं विनामूल्यच हवं असा आग्रह धरला तर काय होतं ते पाहा. ज्याला निवृत्तिवेतन आहे, ज्याचा रविवार रिकामा आहे, तोच शहर दाखवायला येईल. मग शहराचा जो भाग त्याचा, तेवढाच पाहुण्याला दिसेल. पुण्यात हे घडलेलं आहे. पाहुण्यांना फिरवलं जातं ते बहुतेक शनिवार, सदाशिव, नारायण, बुधवार, कसबा या पेठांत. पूर्वेकडे पावलं वळतात ती फार थोडी. पूर्वीच्या गंज पेठेत जोतीरावांचं घर आहे. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला. त्याच आवारातून भवानी पेठेच्या लाकडाच्या वखारींकडे, कासेवाडीकडे चालत जाता येतं. रास्ता पेठेत मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलांचं सिनॅगॉग आहे, आणि कॅम्पात १८६७ मध्ये पूर्ण झालेलं, पुणेकर ज्याला लाल देऊळ म्हणतात ते ओहेल डेव्हिड. इथली कथा इथल्याच मुलामुलींनी सांगायची असेल तर त्यांना रविवारची मजुरी बुडवून ती सांगावी लागेल, आणि ती मजुरी पाहुण्याने भरून दिली पाहिजे. सांगणाऱ्याला मोबदला मिळाला तरच शहराच्या सगळ्या भागांना आवाज मिळेल. विनामूल्याचा आग्रह आणि परवान्याची सक्ती, दोन्हींनी बाहेर राहतात ती हीच मुलं.

आता तो भाग, जो मला मान्य आहे. पेठांतल्या रहिवाशांची तक्रार खरी आहे. सकाळी सात वाजता वाड्याच्या दिंडी दरवाज्यात वीस अनोळखी माणसं उभी राहतात, कुणी दाराच्या चौकटीचा फोटो काढतो, कुणी आत पाट्यावर वाटण वाटणाऱ्या बाईचा. पोरं जिन्यावर चढून बसतात. हे घर आहे, संग्रहालय नाही, असं म्हणणाऱ्या रहिवाशाच्या बाजूने मी उभा आहे, बिनशर्त. पण याचं उत्तर परवान्यात नाही. परवाना असलेला बाहेरचा माणूस गट घेऊन येतो आणि निघून जातो. त्याच आळीतल्या माणसाला संध्याकाळी त्याच दारावरून घरी जायचं असतं, गणपतीची वर्गणी त्याच घरातून घ्यायची असते. शेजाऱ्याचा रोष ओढवून घेणं त्याला परवडत नाही. धारावीत २००६ च्या सुमारास फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा त्यांच्यावर गरिबीचं प्रदर्शन मांडल्याची टीका झाली, आणि ती सगळी चुकीची नव्हती. पण पाहुण्यांनी कॅमेरा वापरायचा नाही हा नियम तिथे फेऱ्या चालवणाऱ्यांनीच घालून घेतला. कुठल्या सरकारी परीक्षेतून तो आलेला नाही. पुण्यातल्या प्रत्येक गटानेही असे काही नियम आजपासून पाळावेत : विचारल्याशिवाय कुणाच्या घरात, अंगणात, जिन्यावर जायचं नाही, माणसाचा फोटो काढायचा नाही, गट दहाच्या पुढे न्यायचा नाही, ध्वनिवर्धक तर मुळीच नाही. आणि ज्या आळीच्या जिवावर पैसे मिळाले त्या आळीच्या कामाला त्यातला वाटा द्यायचा.

शहर दाखवणाऱ्या माझ्या पेठकऱ्यांकडून आणखी एक अपेक्षा आहे. कागद काय म्हणतो, लोक काय म्हणतात आणि आपल्या घरात काय सांगत आले, या तीन गोष्टी वेगळ्या ठेवा आणि पाहुण्याला वेगळ्या करून सांगा. भुताची गोष्ट सांगायचीच असेल तर ती लोकांत प्रचलित आहे एवढंच म्हणा आणि लगेच १७७३ च्या त्या दिवशी काय झालं ते सांगा. तारखेबद्दल खात्री नसेल तर तारीख सांगू नका. भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९१० पासून जमवलेलं दप्तर तिथे आहे. तिथल्या अभ्यासकांना जाऊन भेटा, चूक दाखवली तर पुढच्या रविवारी दुरुस्त करून सांगा.

आणि महापालिकेला विनंती : दंडाचा विचार सोडा. त्याऐवजी प्रत्येक पेठेतल्या जुन्या हौदांची, पडलेल्या वाड्यांची, पुराच्या पाण्याच्या खुणांची यादी रहिवाशांकडून करून घ्या आणि ती सगळ्यांना खुली करा, म्हणजे गाइडलाही उपयोग होईल आणि आळीतल्या मुलीलाही. बंदी मागणाऱ्या अभ्यासकांना आणि गाइडांनाही माझं सांगणं आहे की येत्या एखाद्या रविवारी अशा एका गटाबरोबर दोन तास चाला. जिथे चुकीचं ऐकाल तिथे तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर टोका. तुमचं ज्ञान त्या बोळात हवं आहे.